सिंहस्थ, आखाजी आणि पर्वणीची गर्दी

प्रश्न : मुलीचे लग्न ठरले आहे. पुण्याकडील व्याही फार थांबायला तयार नाहीत. आमच्या घरातील वडीलधारे मात्र ‘सिंहस्थ लागतो आहे, आता पावणेदोन वर्षे लग्न नाही’ असे निक्षून सांगतात. यात शास्त्र काय सांगते? (एक भगिनी, शिंदखेडा)

उत्तर : ताई, वडीलधाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही, पण ते अर्धेच आहे. गुरू सिंह राशीत असताना विवाह वर्ज्य मानावा, असे मुहूर्तग्रंथ सांगतात खरे. मात्र त्याच ग्रंथांनी या दोषाला प्रदेशाची आणि काळाची मर्यादाही घालून दिली आहे. मघा नक्षत्राचे चार चरण (पाव भाग) आणि पूर्वा फाल्गुनीचा पहिला चरण एवढ्या भागात गुरू असेपर्यंत हा निषेध सर्वत्र लागू होतो. त्यापुढे तो मुख्यतः गोदावरीच्या उत्तरेपासून गंगेच्या दक्षिण तीरापर्यंतच्या पट्ट्यापुरता उरतो. पुणे गोदावरीच्या दक्षिणेला आणि आपला खान्देश उत्तरेला असल्यामुळे, पंचांग एकच असूनही दोन्ही घरांना वेगवेगळी उत्तरे मिळू शकतात. तेव्हा व्याह्यांना शास्त्र कळत नाही, असा समज करून घेऊ नये.

आता पावणेदोन वर्षांचा हिशेब पाहू. गुरू ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी सिंहेत प्रवेश करतो आणि २४ जुलै २०२८ रोजी ती रास कायमची सोडतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण आणि समाप्ती याच दोन तारखांना आहे. परंतु या सबंध काळात गुरू सिंहेत नसतो. वक्री होऊन, म्हणजे उलट्या गतीने, तो जानेवारी २०२७च्या अखेरीस कर्केत परततो आणि जूनच्या अखेरीपर्यंत तेथेच राहतो. पुढे नोव्हेंबर २०२७च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२८च्या अखेरीपर्यंत त्याचा मुक्काम कन्येत असतो. म्हणजे २०२७ची आखाजी (अक्षय्य तृतीया), जी ९ मे रोजी येते, ती सिंहस्थाच्या दोषातून आपोआपच सुटते. २०२८च्या आखाजीला, २७ एप्रिल रोजी, गुरू सिंहेत असला तरी सूर्य मेषेत असतो, आणि मेषेत सूर्य असताना गंगा-गोदेमधील प्रदेशातही विवाहास हरकत नाही, अशी सवलत ग्रंथकारांनीच दिली आहे. खान्देशातील निम्मी लगीनसराई आखाजीच्या आगेमागेच उरकते, हे लक्षात घेतले तर ही सवलत आपल्यासाठी किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको. नेमका मुहूर्त आणि इतर दोष भटजींकडून पाहून घ्यावेत, मात्र त्यांना ‘सिंहस्थ आहे का’ असे न विचारता ‘त्या दिवशी गुरू कोठे आहे’ असे विचारावे.

प्रश्न : वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पर्वणीलाच स्नान घडावे, अशी त्यांची इच्छा आहे. रामकुंड गाठावे की कुशावर्त? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : मुख्य पर्वण्या, म्हणजे सिंहस्थातील विशेष स्नानाचे दिवस, २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट २०२७ या आहेत, तिसरी नाशिकला ११ सप्टेंबरला, तर त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला आहे. नाशिकच्या रामकुंडावर वैष्णव साधूंचे तीन आखाडे (त्यांना अनी म्हणतात) स्नान करतात आणि शैव व उदासीन परंपरेचे दहा आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्तावर. पेशवाईच्या काळात शैव आणि वैष्णव साधूंमध्ये रक्तरंजित तंटे झाले, त्यातून ही वाटणी पक्की झाली. पर्वणीच्या सकाळचा मान आखाड्यांचा असतो. यात्रेकरूंना कुंड त्यानंतर मोकळे होते, आणि तोवर मागे लाखोंचा लोंढा तुंबलेला असतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उतारावर याच लोंढ्यात तीसहून अधिक भाविक चेंगरून मेले. त्यामुळे या वयाच्या माणसाला पर्वणीला नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वडिलांची समजूत घालता येईल, कारण स्नानाचे पुण्य गुरू सिंहेत असण्याशी जोडलेले आहे आणि पर्वण्या सोडूनही असे पुष्कळ दिवस हाताशी आहेत. ऑक्टोबर २०२७च्या मध्याला, दसऱ्यानंतर, पाऊस ओसरलेला असतो आणि गुरूही सिंहेतच असतो. भुसावळहून नाशिकरोडला थेट गाड्या आहेत, तेथून रामकुंड दहा-एक किलोमीटर. कुशावर्त हे चारी बाजूंनी ओवऱ्या आणि दगडी पायऱ्या असलेले लहानसे कुंड आहे; ओल्या पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून वडिलांचा हात धरून एकेक पायरी उतरावी आणि गुडघाभर पाण्यातच तांब्याने स्नान घालावे. रामकुंडाच्या तळाला सिंहस्थाच्याच तयारीत काँक्रीट घातले गेले, त्याने खालचे जिवंत झरे बुजले, आणि ते काढावे अशी नाशिककरांची जुनी मागणी आहे. कुंडात पाणी किती, हे बऱ्याच अंशी गंगापूर धरणातून सोडलेल्या आवर्तनावर अवलंबून असते. वडिलांना दोन्हींपैकी एकच झेपणार असेल तर उगमाजवळचे कुशावर्त निवडावे.

प्रश्न : पहिल्या पर्वणीला सूर्यग्रहण आहे, हे खरे काय? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : खरे आहे. २ ऑगस्ट २०२७ची अमावास्या सोमवती आहे आणि त्याच दिवशी सूर्यग्रहणही आहे. ते खग्रास दिसेल स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानात. आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास, तेही आषाढातील ढगांनी पाहू दिले तर. पर्वणीचे स्नान सकाळीच होत असल्याने त्याला बाध नाही, मात्र मोक्षानंतरच्या, म्हणजे ग्रहण सुटल्यावरच्या, स्नानासाठी सायंकाळी घाटावर दुसऱ्यांदा गर्दी उसळेल. परतीची गाडी त्या रात्रीची काढू नये.