निदान हुकले, दाद कुठे मागावी?

प्रश्न : माझ्या पत्नीच्या स्तनात गाठ लागत होती. नाशिकमधील एका खासगी डॉक्टरांनी हाताने तपासून ‘साधी गाठ आहे’ असे सांगत गोळ्या दिल्या. नंतर दोनदा दाखवूनही सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी सुचवली नाही. दहा महिन्यांनी दुसरीकडे बायोप्सी केली, तेव्हा कर्करोग काखेपर्यंत पसरल्याचे कळले. आता केमोथेरपी सुरू आहे. आम्हाला दाद मागता येईल का?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : दाद मागता येईल, मात्र केवळ निदान चुकले म्हणून डॉक्टर कायद्याने दोषी ठरत नाहीत. जेकब मॅथ्यू खटल्यात (2005) सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली कसोटी अशी की, त्याच शाखेतील सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरांनी त्या परिस्थितीत घेतली असती तेवढी काळजी इथे घेतली गेली का. हाताला कर्करोग ओळखू आला नाही, हा आक्षेप टिकणे कठीण आहे. गाठ तशीच असताना तिसऱ्या भेटीतही तपासणी सुचवली नाही, हा आक्षेप मात्र मला भक्कम वाटतो.

म्हणून आधी कागद सांभाळा. तिन्ही भेटींच्या मूळ चिठ्ठ्या, पावत्या आणि बायोप्सीचा अहवाल कोणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. ‘सोनोग्राफी सांगितली होती, रुग्ण तयार नव्हता’ अशी ओळ दवाखान्याच्या केसपेपरवर पुढे दिसली आणि तुमच्याकडच्या चिठ्ठीवर ती नसली, तर त्या एका फरकावर बरेच काही ठरते. केसपेपरची प्रत लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाची पोच घ्या. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणीनंतर 72 तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

खरी कसोटी पुढे आहे. त्या दहा महिन्यांमुळे नेमके काय नुकसान झाले, म्हणजे शस्त्रक्रिया लहान झाली असती का, केमोथेरपी टळली असती का, हे कर्करोगतज्ज्ञाकडून लेखी घ्यावे लागेल. मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये म्हटले की प्रत्येक खटल्यात तज्ज्ञाचे मत आवश्यक नाही. पण तुमचे प्रकरण तितके उघड नाही.

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात मोडते, हे 1995 पासून निश्चित आहे. तक्रार पत्नीच्या नावे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करावी. आयोगाचे शुल्क मागितलेल्या भरपाईवर नव्हे, डॉक्टरांना दिलेल्या रकमेवर ठरते आणि ती पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडेही तक्रार करता येते, पण तिथे डॉक्टरांवर शिस्तभंगाची कारवाई होते, भरपाई मिळत नाही. पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो.

ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. ती बायोप्सीपासून धरावी असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. पहिल्या भेटीच्या तारखेपासून मोजा. उपचारांच्या धावपळीत पत्नीला फेऱ्या मारायला लावू नका. त्यांच्या सहीचे अधिकारपत्र घेऊन पुढची कामे तुम्ही करू शकता.