सात इंचाला फुल एचडी कशाला?

प्रश्न: दादा, हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल घ्यायचाय. खडेबाजारातला दुकानदार म्हणतोय १०८०पीच (फुल एचडी) घे, ७२०पी दाणेदार दिसतंय. दोन्ही सात इंचीच. जुने गेमबॉय अॅडव्हान्सचे गेम पण खेळतो. कुठला घेऊ? – एक वाचक, खानापूर

उत्तर: दुकानदार महागातलंच दाखवणार की हो! हिशेब बघा, सात इंचाला ७२०पी म्हणजे इंचाला साधारण २१० पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके), १०८०पी म्हणजे ३१५. हातभर लांब धरून खेळताना हा फरक बारीक अक्षरांत दिसतोय, पळापळीच्या गेममध्ये कोण पिक्सेल मोजत बसतंय? पण १०८०पीला चिपला मात्र सव्वादोनपट पिक्सेल रंगवायला लागतात, मग फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) पडतंय, बॅटरी उतरतीय आणि खानापूर-बेळगाव बसमध्ये निम्म्या वाटेवर डबा बंद. पहिल्या स्टीम डेक कन्सोलला सात इंचाला १२८० बाय ८००च दिलेलं, ते काय उगाच नव्हे.

तुमच्या जुन्या गेमचं वेगळंय. गेमबॉय अॅडव्हान्सचा पडदा २४० बाय १६०. ७२०पीवर (१२८० बाय ७२०) तो बरोब्बर चौपट बसतोय, कडेला काळी पट्टी राहते, राहू दे. वरखालची पट्टी नको म्हणून उंचीभर ताणलात तर साडेचारपट होतंय, मग एक पिक्सेल जाड एक बारीक, आणि स्क्रोल करताना चित्र लाटा मारल्यागत हलतंय. सेटिंगमध्ये इंटिजर स्केलिंग (चित्र पूर्ण पटीतच मोठं करणं) चालू करा. नुसते जुनेच गेम खेळणार असाल तर ७२० बाय ४८०चा छोटा पडदा शोधा, तिप्पट, चारी बाजूंनी फिट्ट. नाहीतर ७२०पी घ्या, उरलेल्या पैशात मोठं मेमरी कार्ड येईल.