कन्स्ट्रक्टर सुटसुटीत कसा करावा? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : आमच्या जावा प्रकल्पात अहवाल तयार करणारा एक क्लास आहे. त्याच्या कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडला) ११ पॅरामीटर द्यावे लागतात : शीर्षक, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, सर्व्हरचे नाव, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड, पानाची रुंदी, पानाची उंची, छपाई रंगीत आहे का आणि अहवाल अंतिम आहे का. प्रत्येक ठिकाणी हे सगळे लागत नसल्यामुळे कमी पॅरामीटरचे आणखी पाच कन्स्ट्रक्टर लिहिले गेले आहेत. बिल्डर (मूल्ये एकेक करून घेऊन शेवटी ऑब्जेक्ट तयार करून देणारा मदतनीस क्लास) लिहिला की प्रश्न सुटेल, असे एका सहकाऱ्यांचे मत आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : बिल्डर लिहिल्यास ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या ओळी वाचायला सोप्या होतील, यात शंका नाही. परंतु अकरा गोष्टींची जबाबदारी त्या क्लासवर जशीच्या तशी राहील, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. पॅरामीटरची यादी इतकी लांबते तेव्हा बहुतेक वेळा तिच्यात एकदोन संकल्पना दडलेल्या असतात, ज्यांना अजून स्वतःचा क्लास मिळालेला नाही. त्यामुळे आधी यादीच नीट वाचावी आणि बिल्डरचा विचार त्यानंतर करावा.

आपल्या यादीतील दोन तारखा पाहा. त्या एकमेकींना सोडून कधीच येत नाहीत, आणि सुरुवातीची तारीख शेवटच्या तारखेनंतरची असू नये हा नियम त्या दोघींचा मिळून आहे. आज हा नियम कुठे तपासला जातो? बहुधा काही कन्स्ट्रक्टरमध्ये तपासला जातो आणि काहींमध्ये राहून जातो. शिवाय दोन्ही पॅरामीटर एकाच टाइपचे असल्यामुळे त्यांची अदलाबदल झाली तर कंपायलर काहीच बोलणार नाही, आणि अहवाल कोणतीही एरर न देता रिकामा येईल. त्याऐवजी ‘कालावधी’ नावाचा छोटा क्लास करावा. जावा १६ मध्ये, म्हणजे २०२१ साली, ‘रेकॉर्ड’ हा प्रकार भाषेत कायम झाला आणि अशा क्लाससाठी तो अगदी योग्य आहे. दोन घटकांची नावे लिहिली की फील्ड, कन्स्ट्रक्टर, तुलना करणारी मेथड हे सारे कंपायलर पुरवतो. आपण फक्त संक्षिप्त कन्स्ट्रक्टरमध्ये तारखांच्या क्रमाची तपासणी लिहायची. यानंतर ज्या मेथडला ‘कालावधी’ मिळेल तिने तारखा पुन्हा तपासण्याचे कारण उरत नाही, कारण चुकीचा कालावधी अस्तित्वातच येऊ शकत नाही.

सर्व्हरचे नाव, पोर्ट, युजरनेम आणि पासवर्ड या चौघांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा एक गट करून तो कन्स्ट्रक्टरला देता येईल, पण ते पुरेसे नाही. अहवालाला माहिती हवी आहे. ती कोणत्या सर्व्हरवरून आणि कोणत्या पासवर्डने येते याच्याशी त्याला कर्तव्य नाही. म्हणून माहिती आणून देणारे ऑब्जेक्ट बाहेर तयार करावे आणि तेच पॅरामीटर म्हणून द्यावे. ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे भारदस्त नाव ऐकून अनेक जण एखाद्या फ्रेमवर्कचा शोध सुरू करतात, परंतु तिचा गाभा एवढाच आहे की लागणारी वस्तू क्लासने स्वतः घडवू नये, तयार स्थितीत स्वीकारावी.

रुंदी, उंची आणि रंग हे ‘पानाची मांडणी’ या क्लासमध्ये जातील. शेवटच्या बूलियनऐवजी (‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ एवढेच असू शकणाऱ्या मूल्याऐवजी) ‘मसुदा’ आणि ‘अंतिम’ अशी दोन मूल्ये असलेला एनम ठेवावा. लागोपाठ लिहिलेले ‘ट्रू, फॉल्स’ वाचून त्यातला पहिला शब्द कशाविषयी आहे हे कोणालाही सांगता येत नाही. आता शीर्षक, कालावधी, माहितीचा स्रोत, मांडणी आणि अवस्था असे पाचच पॅरामीटर उरले, आणि यांतील कोणत्याही दोघांचा टाइप सारखा नसल्यामुळे अदलाबदलीचा धोकाही गेला.

उरलेल्या कन्स्ट्रक्टरांबाबत एक नियम कटाक्षाने पाळावा : फील्डमध्ये मूल्ये भरण्याचे काम एकाच कन्स्ट्रक्टरने करावे आणि बाकीच्यांनी नेहमीची मूल्ये घालून त्यालाच कॉल करावा. जावामध्ये ‘धिस’ वापरून हे पूर्वीपासून करता येते. सी प्लस प्लसमध्ये ही सोय २०११ च्या आवृत्तीत आली. त्याआधी लोक वेगळे ‘इनिट’ फंक्शन लिहीत, पण कॉन्स्ट आणि रेफरन्स प्रकारच्या मेंबरना त्यातून मूल्य देता येत नसे.

एवढे करूनही ऐच्छिक पॅरामीटर बरेच उरत असतील तर बिल्डर जरूर लिहावा. जावा ११ पासून असलेला ‘एचटीटीपी रिक्वेस्ट’चा बिल्डर हे त्याचे चांगले उदाहरण आहे, कारण तिथे पत्ता तेवढा अनिवार्य आहे आणि हेडर, टाइमआउट यांसारख्या गोष्टी लागतील तशा जोडायच्या असतात. मात्र बिल्डरची एक किंमत आहे आणि ती अनेकदा सांगितली जात नाही. साध्या कन्स्ट्रक्टरला एखादा अनिवार्य पॅरामीटर दिला नाही तर कोड कंपाइलच होत नाही. साध्या बिल्डरमध्ये तीच चूक ‘बिल्ड’ कॉल झाल्यावर, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना कळते. म्हणून अनिवार्य गोष्टी बिल्डर तयार होतानाच मागून घ्याव्यात. कोटलिन, पायथन किंवा सी शार्प या भाषांमध्ये पॅरामीटरचे नाव लिहून मूल्य देता येते आणि ठरलेली मूल्येही ठेवता येतात, त्यामुळे तिथे बिल्डरची गरज क्वचितच पडते.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवण्यासारखी आहे. कन्स्ट्रक्टरला स्वतःचे नाव नसते, ते क्लासचेच असते. जावाच्या जुन्या ‘डेट’ क्लासमध्ये २०२४, १, ५ असे आकडे दिले तर ५ जानेवारी २०२४ मिळत नाही. तो कन्स्ट्रक्टर वर्षात १९०० मिळवतो आणि महिने शून्यापासून मोजतो, म्हणून हाती येते ५ फेब्रुवारी ३९२४. जावा ८ मध्ये, २०१४ साली आलेल्या तारीख-वेळेच्या क्लासमध्ये सार्वजनिक कन्स्ट्रक्टरऐवजी नाव असलेल्या स्टॅटिक मेथड (ऑब्जेक्ट नसतानाही क्लासवरून थेट कॉल करता येणाऱ्या) आहेत. ‘ड्युरेशन ऑफ मिनिट्स’ आणि ‘ड्युरेशन ऑफ सेकंड्स’ या दोन्ही मेथड एक पूर्णांक घेतात, त्यामुळे त्यांना कन्स्ट्रक्टर म्हणून शेजारी शेजारी लिहिताच आले नसते. आपल्याकडेही ‘मासिक अहवाल’ आणि ‘वार्षिक अहवाल’ अशा दोन स्टॅटिक मेथड ठेवल्या आणि मूळ कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट केला, तर त्या पाच जादा कन्स्ट्रक्टरांपैकी बहुतेक काढून टाकता येतील.

प्रश्न : माझ्या क्लासचा कन्स्ट्रक्टर फाइल उघडतो, ती वाचतो आणि शेवटी ‘मांडणी करा’ ही मेथड कॉल करतो. टेस्ट लिहिणे कठीण झाले आहे. शिवाय एका सबक्लासमध्ये ही मेथड ओव्हरराइड केल्यापासून (आपल्या पद्धतीने नव्याने लिहिल्यापासून) नल पॉइंटरची एरर येते, जरी संबंधित यादी घोषणेतच तयार केलेली आहे. असे का होते?

उत्तर : या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे : कन्स्ट्रक्टरकडे त्याचे नसलेले काम आले आहे.

आधी नल पॉइंटरचे पाहू. जावामध्ये सबक्लासचे ऑब्जेक्ट तयार होताना प्रथम बेस क्लासचा कन्स्ट्रक्टर पूर्ण होतो. त्यानंतर सबक्लासच्या फील्डना घोषणेत लिहिलेली मूल्ये मिळतात आणि मग सबक्लासच्या कन्स्ट्रक्टरचा उरलेला भाग चालतो. आपला बेस कन्स्ट्रक्टर ‘मांडणी करा’ कॉल करतो तेव्हा सबक्लासमधील ओव्हरराइड केलेली मेथड चालते, पण तिला लागणारी यादी अजून तयार झालेली नसते. त्या क्षणी ते फील्ड नल, म्हणजे रिकामे, असते. याहून फसवा प्रकारही घडतो. समजा सबक्लासमध्ये एक संख्या घोषणेतच शून्य केली आहे आणि ओव्हरराइड केलेल्या मेथडने तीत ७ भरले. बेस कन्स्ट्रक्टर संपल्यावर घोषणेतील शून्य त्या सातावर लिहिले जाते. एरर येत नाही, फक्त उत्तर चुकते.

सी प्लस प्लसमध्ये अशा वेळी बेस क्लासचीच मेथड चालते, कारण तोपर्यंत ते ऑब्जेक्ट सबक्लासचे झालेलेच नसते. सी शार्पमध्ये घोषणेतील मूल्ये बेस कन्स्ट्रक्टरच्या आधी भरली जातात, त्यामुळे आपली यादी तिथे वेळेवर तयार झालेली असती, मात्र सबक्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये भरलेली मूल्ये तिथेही उशिराच येतात. जावा २५ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२५ पासून, ‘सुपर’च्या कॉलआधी सबक्लासला आपली फील्ड भरता येतात. ही सोय चांगली आहे, तरीही तिच्या भरवशावर जुनी रचना चालू ठेवू नये. ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड कन्स्ट्रक्टरमधून कॉल करू नये, हा नियम या सर्व भाषांमध्ये सारखाच उपयोगी आहे.

आता फाइलविषयी. एखादा प्रोग्रॅमर ‘न्यू’ लिहितो तेव्हा ती ओळ पटकन संपेल आणि बाहेरच्या कशाला हात लावणार नाही, अशी त्याची अपेक्षा असते. आपल्या क्लासचे ऑब्जेक्ट टेस्टमध्ये हवे असेल तर डिस्कवर खरी फाइल ठेवावी लागते, मग टेस्टचा विषय निव्वळ हिशेबाचा का असेना. त्यामुळे वाचनाचे काम ‘फाइलमधून’ अशा नावाच्या स्टॅटिक मेथडकडे द्यावे. तिने फाइल वाचावी, ओळी वेगळ्या कराव्यात आणि तयार यादी कन्स्ट्रक्टरला द्यावी. टेस्टमध्ये हीच यादी थेट हाताने लिहून देता येते. सी शार्प आणि जावास्क्रिप्ट या भाषांमध्ये कन्स्ट्रक्टर असिंक्रोनस, म्हणजे उत्तर येईपर्यंत बाकीचे काम चालू राहू देणारा, असू शकत नाही, त्यामुळे नेटवर्कवरून काही आणायचे असेल तर हा मार्ग तिथे आपसूकच घ्यावा लागतो.

याचा अर्थ कन्स्ट्रक्टरमध्ये नुसत्या मूल्ये भरणाऱ्या ओळीच असाव्यात असा नाही. मिळालेली मूल्ये तपासणे हे त्याचेच काम आहे, आणि यादी बाहेरून आली असेल तर तिची प्रत करून ठेवणे हेही त्याचेच काम आहे, नाहीतर देणाऱ्याने ती नंतर बदलली की आपले ऑब्जेक्टही नकळत बदलते. जावा १० पासून ‘लिस्ट कॉपी ऑफ’ ही मेथड त्यासाठी आहे.

प्रश्न : मग कन्स्ट्रक्टर रिकामा ठेवून सगळी मूल्ये सेटरने (एकेका फील्डमध्ये मूल्य भरणाऱ्या मेथडने) भरणे सर्वांत सोपे नाही का?

उत्तर : लिहिताना ते सोपे वाटते, पण त्याचा भार पुढे ऑब्जेक्ट वापरणाऱ्या प्रत्येकावर पडतो. रिकाम्या कन्स्ट्रक्टरपासून शेवटच्या सेटरपर्यंत ते ऑब्जेक्ट अर्धवट असते, आणि ते कोणत्या क्षणी पूर्ण झाले हे कोडमध्ये कुठेच लिहिलेले नसते. एखादे नवे फील्ड वाढवले की सेटर कॉल करणाऱ्या साऱ्या जागा शोधाव्या लागतात आणि एखादी राहिली तर कंपायलर सांगत नाही. कन्स्ट्रक्टरमध्ये पॅरामीटर वाढवला तर मात्र अशी प्रत्येक जागा तो दाखवून देतो. मूल्ये कन्स्ट्रक्टरमध्येच भरली की फील्ड ‘फायनल’, म्हणजे पुन्हा मूल्य न बदलणारी, करता येतात, हा लाभही मोठा आहे.

डेटाबेसच्या टेबलशी क्लास जोडणाऱ्या जेपीएसारख्या व्यवस्थेला पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर लागतोच. तिथे तो ‘प्रोटेक्टेड’ ठेवावा, म्हणजे त्या व्यवस्थेची गरज भागते आणि दुसऱ्या पॅकेजमधील बाकीच्या कोडसाठी पूर्ण पॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर हाच मार्ग उरतो.