सही केलेल्या प्रोग्रॅममध्ये परवाना क्रमांक घालता येतो का?

प्रश्न : मी दुकानांसाठी बिलिंगचा छोटा विंडोज प्रोग्रॅम तयार करून विकतो. यंदा कोड सायनिंगचे, म्हणजे प्रोग्रॅमवर डिजिटल सही करण्याचे, प्रमाणपत्र घेतले. सही ‘ईएक्सई’ फाइलमध्येच साठवली जाते असे समजले. पण मग सही घातल्यामुळे बदललेल्या फाइलला ती लागू कशी राहते? शिवाय, सही झाल्यानंतर प्रत्येक दुकानदाराचा परवाना क्रमांक त्याच फाइलमध्ये घालता येईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमची पहिली शंका रास्त आहे आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच दडलेले आहे. विंडोजच्या ऑथेंटिकोड पद्धतीत सही करताना फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यातील मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण, काढला जातो, पण तो संपूर्ण फाइलचा नसतो. हेडरमधील (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतील) चेकसम हा तपासणीचा आकडा, सही कोठे आहे हे सांगणारी डेटा डिरेक्टरी या तिथल्याच यादीतील नोंद आणि सही ज्यात राहते तो प्रमाणपत्रांचा तक्ता, एवढ्या जागा त्यातून वगळलेल्या असतात. सही घातल्याने नेमक्या याच जागा बदलतात, त्यामुळे पडताळणीच्या वेळी हॅश पुन्हा तोच येतो. हा तक्ता फाइलच्या शेवटी जोडला जातो आणि प्रोग्रॅम चालताना मेमरीत चढवलाच जात नाही. म्हणून त्याचा पत्ता, इतर नोंदींप्रमाणे मेमरीतला न देता, फाइलच्या आरंभापासून मोजून दिलेला असतो.

आता परवाना क्रमांकाविषयी. तो कोडमध्ये किंवा रिसोर्समध्ये (प्रोग्रॅमसोबतची चित्रे, मजकूर वगैरेंत) घातला तर हॅश बदलेल. फाइलच्या शेवटी नुसता चिकटवला तरी पडताळणी फसेल. तक्त्याची लांबी वाढवून त्यातील मोकळ्या जागेत मजकूर घुसवला तर मात्र सही वैध दिसत राहते, आणि काही इन्स्टॉलर बनवणाऱ्यांनी ही पळवाट वापरलेली आहे. तुम्ही ती वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समजा, इन्स्टॉलर त्या जागेतून डाउनलोडचा पत्ता वाचत असेल, तर तो पत्ता कोणीही बदलू शकतो आणि तरीही सही तुमचीच दिसते. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१३ मध्ये एमएस१३-०९८ या सुधारणेबरोबर अशा फाइली नाकारणारी कडक तपासणी आणली. २०१४ मध्ये ती सक्तीची करण्याचा बेत सोडून ऐच्छिक ठेवण्यात आली खरी, पण ज्या संगणकावर ती चालू असेल तेथे तुमच्या प्रोग्रॅमची सही ग्राह्य धरली जाणार नाही.

त्यापेक्षा परवाना वेगळ्या फाइलमध्ये द्यावा, त्यावर स्वतःच्या दुसऱ्या खासगी कीने (सही करण्याच्या गुप्त किल्लीने) सही करावी आणि तिची सार्वजनिक की (ती सही तपासणारी जोडकिल्ली) प्रोग्रॅममध्ये आधीच ठेवावी. म्हणजे प्रोग्रॅमवर प्रत्येक आवृत्तीला एकदाच सही करावी लागेल आणि सर्व दुकानदारांकडे एकच फाइल जाईल. प्रोग्रॅमवर ही सही करताना साइनटूल या सही करण्याच्या साधनाला टाइमस्टॅम्प (सही केव्हा झाली याची नोंद) घ्यायला सांगण्यास मात्र विसरू नये. तो नसेल तर प्रमाणपत्राची मुदत संपताच आधी विकलेल्या प्रतींवरील सहीही अवैध ठरते. असेल तर सही मुदतीत झाली होती हे सिद्ध होते आणि जुन्या प्रती सहसा बिनतक्रार चालू राहतात.