द्रौपदीने 'सूताला वरणार नाही' म्हणून कर्णाला नाकारलं, हे मूळ महाभारतात आहे का? मूळचं की नंतरचं हे तपासायचं कसं?

भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत (१९३३–६६), म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठात, हे वाक्य मुख्य संहितेत नाही; पानाच्या तळाशी, मुख्य पाठात न घेतलेल्या तारांकित ओळींत आहे. पण 'तळाशी, म्हणजे खोटं' एवढ्यावर सोडू नका.

आधी श्लोक पकडा. बाजारातल्या बऱ्याच पोथ्या आणि जुनी भाषांतरं सतराव्या शतकातले टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांच्या पाठावर आहेत. त्यात हा प्रसंग आदिपर्वाच्या १८७व्या अध्यायात येतो, चिकित्सक आवृत्तीत तोच अध्याय १७८वा. लोक नेमके इथे फसतात: नवीन आवृत्तीत १८७ उघडतात, काही सापडत नाही, आणि 'संपादकांनी गाळलं' म्हणून भांडण सुरू. क्रमांक सोडा, चरण धरून शोधा: 'नाहं वरयामि सूतम्'.

मग टिपेतल्या खुणा वाचा. ओळ कोणत्या लिपीच्या हस्तलिखितांत आहे ते त्यांवरून कळतं. प्रती किती, याला फारसं महत्त्व नाही. एकाच पोथीच्या पन्नास नकला म्हणजे साक्षीदार एकच. चिकित्सक आवृत्तीचे संपादक सुकथनकर यांचा भर होता तो एकमेकींपासून दूर वाढलेल्या परंपरांवर: काश्मीरची शारदा आणि केरळची मल्याळम या लिप्यांतल्या पोथ्यांत एकच पाठ मिळाला तर तो जुना असण्याची शक्यता मोठी. ही ओळ उत्तरेकडच्या मोजक्या प्रतींतच आहे.

आता आजूबाजूचा मजकूर बघा. मला सगळ्यात बोलका पुरावा हाच वाटतो. अर्जुन उठतो तेव्हा ब्राह्मण म्हणतात, 'यत्कर्णशल्यप्रमुखैः…', म्हणजे कर्ण-शल्यांसारख्यांनाही जे धनुष्य वाकलं नाही ते हा बटू काय वाकवणार? नकार मिळून कर्ण आधीच मागे फिरला असेल, तर हे बोलणं बसत नाही. गंमत म्हणजे नीलकंठी प्रतीत दोन्ही गोष्टी लागोपाठच्या अध्यायांत सुखाने नांदतात.

काळ ठरवताना मात्र हात आखडता ठेवा. चिकित्सक संहिता म्हणजे व्यासांची प्रत नव्हे. उपलब्ध हस्तलिखितांवरून जितकं मागे जाता येतं तितका पाठ. सभापर्वात सहदेवाच्या दिग्विजयात त्या पर्वाचे संपादक एजर्टन यांनी बिघडलेल्या पाठांतून 'अन्ताखी' (अँटिऑक) आणि 'रोमा' (रोम) अशी नगरं वाचली. अँटिऑक वसलं इ.स.पू. ३००च्या सुमारास, म्हणून हे वाचन मान्य केलं तर तो श्लोक त्याआधीचा नाही. यावरून फक्त त्या यादीचा काळ कळतो, अख्ख्या ग्रंथाचा नाही.