भीमसरट की डायनासोर?

प्रश्न असा आला आहे: 'दादरला पुस्तक प्रदर्शनात लेकासाठी प्राचीन प्राण्यांचं एक जुनं पुस्तक मिळालं. त्यात डायनासोरला भीमसरट म्हटलंय. वाचून दाखवताना शब्द ठेवू की बदलू?'

ज्याने कुणी हा शब्द घडवला, त्याला आधी दाद द्यायला हवी. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली 'डायनोसॉरिया' हे नाव दिलं ते दोन ग्रीक शब्द जोडून. 'डायनोस' म्हणजे भयंकर आणि 'सॉरोस' म्हणजे सरडा. पण त्याच्या मनात नुसतं भय नव्हतं, धडकी भरावी एवढा आकारही होता. आपल्या 'भीम'मध्ये दोन्ही बसतं. मूळ संस्कृत अर्थ भयंकर, आणि भीमकाय म्हटलं की आकारच दिसतो. 'सरट' म्हणजे तर आपला सरडाच. 'राक्षसी पाल' वगैरे भाषांतरांपेक्षा कितीतरी सरस!

खोट आहे ती सरड्यात, पण ती ओवेनकडूनच आलेली. डायनासोर सरडे नव्हते. त्यांचं नातं मगरींशी अधिक जवळचं, आणि पक्षी तर त्यांचेच वंशज. म्हणजे खिडकीतलं कबूतर भीमसरटाच्या कुळातलं.

तरी लेक भीमसरट म्हणायचा नाही. एकदा गंमत म्हणून सांगा, पुढे बिनधास्त डायनासोर वाचा. (मी स्वतः डायनोसॉर लिहितो, पण त्यावरून भांडत नाही.)

खरी अडचण विशेषनामांची. गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेल्या एका डायनासोरचं नाव रोमन लिपीवरून सरळ उतरवून 'बारापासॉरस' लिहितात. आमच्या शेजारची चिमुरडी चित्रावर बोट ठेवून पाय मोजत बसली. "काका, चारच आहेत!" मूळ शब्द 'बडा पा', म्हणजे मोठा पाय. बंगालीतही पायाला 'पा'च म्हणतात. शिवाय या प्राण्याच्या पूर्ण नावात रवींद्रनाथ टागोरही आहेत: टागोराय. तेव्हा वाचताना 'बडापासॉरस' म्हणा. मुंबईच्या पोराला त्यात वडापाव ऐकू आला तर येऊ दे, नाव विसरणार नाही.

आणि मुंबईचंच काही हवं असेल, तर वरळीच्या टेकडीतल्या खडकात इवल्या बेडकांचे जीवाश्म सापडले होते. १८४७ साली त्यांना नाव दिलं ते याच ओवेनने, 'राना पुसिला'. लॅटिनमध्ये राना म्हणजे बेडूक, पुसिला म्हणजे इवलीशी. भीमसरटाच्या शेजारी 'चिमणबेडूक' कसा वाटतो, लेकाला विचारून कळवा.