शिल्लक कर्ज नेमके किती?

प्रश्न : मी 2,00,000 रुपयांचे वैयक्तिक कर्ज द.सा.द.शे. 12 दराने 24 महिन्यांसाठी घेतले असून मासिक हप्ता 9,415 रुपये आहे. त्यांपैकी 12 हप्ते वेळच्या वेळी भरले आहेत आणि आता कर्ज एकरकमी मिटवण्याचा विचार आहे. निम्मे हप्ते झाले म्हणजे निम्मे मुद्दल, म्हणजे 1,00,000 रुपये, उरले असावे असा माझा समज होता. घरातल्यांच्या मते उरलेल्या 12 हप्त्यांचे 1,12,980 रुपये द्यावे लागतील. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या पत्रात मात्र, बाराव्या हप्त्यानंतरच्या अठराव्या दिवशी भरणा केल्यास 1,06,586 रुपये द्यावेत, असे म्हटले आहे. यांतला खरा आकडा कोणता?

उत्तर : पत्रातला. तुमच्या आकड्यात मुद्दल कमी धरले गेले आहे, तर घरातल्यांच्या आकड्यात अजून लागू न झालेले व्याजही मिळवले गेले आहे.

घटत्या शिल्लकेवरच्या कर्जात त्या त्या महिन्याचे व्याज त्या महिन्याच्या सुरुवातीला शिल्लक असलेल्या मुद्दलावरच आकारले जाते. हप्त्यातून आधी ते व्याज वळते होते आणि उरलेला भाग मुद्दलात जमा होतो. वर्षाला 12 टक्के म्हणजे महिन्याला 1 टक्का. पहिल्या महिन्यात 2,00,000 वर 2,000 रुपये व्याज झाले, म्हणून 9,415 पैकी 7,415 रुपयेच मुद्दलाला लागले आणि 1,92,585 उरले. दुसऱ्या महिन्याचे व्याज 1,925.85 रुपये, मुद्दलात जमा 7,489.15 आणि शिल्लक 1,85,095.85. हप्ता तोच राहतो. त्याच्या पोटातला व्याजाचा वाटा मात्र दर महिन्याला थोडा आटतो आणि मुद्दलाचा तेवढाच वाढतो. हा कोष्टकाचा क्रम एका वहीच्या पानावर बाराव्या ओळीपर्यंत स्वतः उतरवून काढावा, असे मी मुद्दाम सुचवतो, कारण एकदा हाताने केलेला हिशेब कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा अधिक काळ लक्षात राहतो.

बाराव्या ओळीशी पोहोचल्यावर असे दिसेल की तुम्ही भरलेल्या 1,12,980 रुपयांपैकी 18,939 रुपये व्याजापोटी गेले, 94,041 रुपये मुद्दलात जमा झाले आणि 1,05,959 रुपये बाकी आहेत. दोन वर्षांच्या एकूण व्याजाचा, म्हणजे साधारण 25,950 रुपयांचा, जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पहिल्याच वर्षात फिटला, आणि निम्म्या हप्त्यांत निम्मे मुद्दल का फिटत नाही याचे उत्तर यातच आहे.

उरले 18 दिवसांचे व्याज. 1,05,959 ला 12 टक्क्यांनी गुणून 365 ने भागले की रोजचे व्याज 34.84 रुपये येते, आणि 18 दिवसांचे 627 रुपये. दोन्हींची बेरीज 1,06,586. वर्षाचे दिवस 360 धरणारी संस्था असती तर हेच व्याज 636 रुपये झाले असते. फरक किरकोळ आहे, पण करारात कोणता आकडा धरला आहे ते पाहून ठेवावे.

आता कर्ज मिटवल्याने उरलेल्या हप्त्यांच्या तुलनेत 6,394 रुपये वाचतील. मुदतपूर्व फेडीचे शुल्क असल्यास ते यातून वजा करावे. समजा ते शिल्लक मुद्दलाच्या 2 टक्के असेल, तर 2,119 रुपये जाऊन बचत 4,275 रुपयांवर येईल.

एक धोक्याची सूचना याच ठिकाणी द्यायला हवी. हाच 12 टक्के दर ‘फ्लॅट’ असता, तर मुद्दल कितीही फिटले तरी व्याज अखेरपर्यंत मूळ 2,00,000 वरच मोजले गेले असते : दोन वर्षांचे 48,000 रुपये आणि हप्ता 10,333 रुपये. घटत्या शिल्लकेच्या भाषेत हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. दर सांगताना ‘फ्लॅट’ हा शब्द हळू आवाजात उच्चारला जातो, म्हणून आपण तो मोठ्याने विचारावा.

प्रश्न : एका परिचिताकडून 50,000 रुपये दरमहा दीड टक्का सरळव्याजाने घेतले होते. चार महिन्यांनी 20,000 रुपये परत केले आणि आता दहा महिने पूर्ण होत आहेत. त्यांच्या म्हणण्यानुसार 37,500 रुपये देणे लागते. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. त्यांनी दहाही महिन्यांचे व्याज पूर्ण 50,000 वर धरून 57,500 मधून तुमचे 20,000 वजा केले आहेत. म्हणजे सहा महिने त्यांच्याच हाती असलेल्या पैशावरही तुमच्याकडून व्याज मागितले आहे.

वेगळे काही ठरलेले नसेल तर मधल्या भरण्यातून आधी तोवरचे व्याज आणि मग मुद्दल वळते करण्याची रीत आहे. चार महिन्यांचे व्याज 3,000 रुपये. 20,000 मधून ते गेल्यावर 17,000 मुद्दलात जमा होऊन 33,000 उरतात. त्यावर पुढच्या सहा महिन्यांचे व्याज 2,970 रुपये, म्हणून देणे 35,970 रुपये. संपूर्ण 20,000 मुद्दलातच जमा करून व्याज शेवटी द्यायचे असे ठरले असेल, तर हाच आकडा 35,700 होतो. हा 270 रुपयांचा फरक तोंडी बोलण्यातून निर्माण होतो आणि नाती मात्र लेखी नसलेल्या याच वाक्यावरून बिघडतात, म्हणून उरलेली रक्कम देताना मुद्दल, व्याज आणि तारीख वेगवेगळी लिहिलेली पावती दोघांच्या सहीने करून घ्यावी.